१४ डिसेंबरसाठी आवाहन : सेखों कोपऱ्याला हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

१४ डिसेंबर तोंडावर आला. १९७१ साली याच दिवशी श्रीनगरच्या विमानतळावर सहा पाकिस्तानी सेबर विमाने चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपले इवलेसे नॅट लढाऊ विमान हवेत नेले, एका सेबरवर अचूक मारा केला, दुसरे पेटवले आणि लढता लढता ते स्वतः कोसळले. विमानाचे अवशेष दरीत मिळाले, देह मिळालाच नाही. हवाई दलाकडे असलेले एकमेव परमवीर चक्र ते हेच.

आपल्या वाचनालयातला सेखों कोपरा उभा राहिला तो माणसांच्या मायेवर. सुतारकाकांनी सागाच्या उरल्यासुरल्या फळ्यांतून नॅटची प्रतिकृती घडवली, मजुरीचा एक पैसाही घेतला नाही. हवाई दलातून निवृत्त झालेले आपले सार्जंटसाहेब रोज शेजारी बसून "पंख अजून जरा मागे घे" असे सांगत राहिले. मुख्याध्यापिकाबाईंनी काचेच्या कपाटासाठी आख्खे एका महिन्याचे पेन्शन दिले, वर नावाची पाटी लावायला सक्त मनाई केली. या सर्वांचे ऋण कसे फेडायचे?

म्हणूनच गेल्या वर्षी अभिवादनाला पुढच्या दोनच रांगा भरल्या, तेव्हा वाईट वाटले. वर्गणीला गेलो असता एका सद्गृहस्थांनी विचारले, "ते लुधियानाकडचे, आपले कोण?" हे मात्र फार लागले. अहो, परमवीर चक्र रेखाटले ते आपल्या सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्म स्वित्झर्लंडचा, पण मराठी घराची सून झाल्या आणि इथल्याच झाल्या. दधीची ऋषींच्या अस्थींपासून झालेले इंद्राचे वज्र त्यांनी पदकावर चारदा कोरले. ज्याच्या अस्थीही घरी आल्या नाहीत, त्याला हे पदक मिळाले. आणि आपण गाव विचारतो!

यंदाची कामे : कपाटाची मागची फळी वाळवीने खाल्ली आहे, नॅटचा डावा पंख सांध्यात उकलला आहे, सन्मानपत्राचा मराठी अनुवाद चौकटीत लावायचा आहे. देणगी रोख, चेक वा यूपीआयने, कार्यालयात सायं. ६ ते ८ (सोमवार बंद), ५ डिसेंबरपर्यंत. पावती आठवणीने घ्यावी. फूल ना फुलाची पाकळी, कितीही चालेल. फळी, काच, पॉलिशही चालेल. श्रमदान दर रविवारी सकाळी ८ वाजता. अभिवादन १४ तारखेला सकाळी ९ वाजता, मुलांना घेऊन यावे, खुर्च्या भरपूर आहेत.

आपला,
कार्यवाह