बोलोन्याच्या मैत्रिणीस, जाहीर आभार

प्रिय मैत्रिणी,

तुझं नाव इथे लिहीत नाही. ‘लिहायचंच असेल तर लिही, पण नाव घालू नकोस’ असं तूच बजावलं होतंस. मराठी तुला येत नाही, तेव्हा हे पत्र तू फोनकडून भाषांतर करून घेणार, त्यात काहीतरी भलतंच निघणार आणि तू हसत सुटणार, हेही ठाऊक आहे. तरी मराठीत आणि चारचौघांत लिहिते आहे. इटलीत बोलोन्याला शिकायला निघालेली आपल्याकडची मुलं हल्ली मला विचारतात, तिथे काय काय पाहायचं? मी बोलोन्या पाहिलं ते खोली शोधता शोधता, आणि तेही तू सोबत होतीस म्हणून. हे त्यांना एका ओळीत कसं सांगू?

त्या शहरात विद्यार्थ्याला खोली मिळणं किती अवघड आहे, याचा मला इथून निघताना अंदाज नव्हता. जाहिरातींत ‘पोस्तो लेत्तो’ लिहिलेलं असायचं, म्हणजे पुण्यात शिकताना मी जी कॉट बेसिस घेतली होती तेच. पण भाडं ऐकून तोंड कोरडं पडायचं. काही ठिकाणी स्पष्टच लिहिलेलं, ‘फक्त नोकरदारांना’. एका घरमालकाने फोनवर माझं मोडकंतोडकं इटालियन ऐकलं आणि खोली गेली म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने तू तुझ्या फोनवरून विचारलंस, तर खोली रिकामी! मग तू त्याला जे सुनावलंस, त्यातले निम्मे शब्द आमच्या भाषेच्या वर्गात शिकवलेले नव्हते.

त्याच संध्याकाळी तू मला पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकाला लागून असलेल्या पोदेस्ता महालाखालच्या घुमटात नेलंस. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं, की तिरक्या समोरच्या कोपऱ्यात शब्द न् शब्द ऐकू येतो, मधून माणसं बडबडत जात असली तरी. मला कोपऱ्यात उभं करून म्हणालीस, त्या मालकाबद्दल काय वाटतं ते आता तुझ्या भाषेत सांग. मी मनसोक्त सांगितलं. बोरिवलीत वाढलेल्या मुलीचा शब्दसाठा काय असतो, याची तुला कल्पना नसावी. तुझ्या कोपऱ्यातून गंभीर आवाजात उत्तर आलं, ‘अगदी बरोबर.’

पुढे तो रिवाजच पडला. खोलीला नकार मिळाला की त्या भागातली एक जागा पाहायची. व्हिया पिएल्लामधली ती प्रसिद्ध खिडकी, जिच्यातून कालवा दिसतो, तिथे फोटोसाठी रांग होती. तू मला पुढच्या गल्लीत नेलंस. तिथून तोच कालवा दिसत होता आणि चिटपाखरू नव्हतं. या पाण्यावर एके काळी रेशमाच्या गिरण्या चालायच्या आणि पुढे विसाव्या शतकात बरेचसे कालवे झाकून त्यांवर रस्ते केले, हे तू कठड्याला टेकून, सफरचंद खात सांगितलंस.

पण मला खरा धीर आला तो स्त्रादा माज्जोरेवर. कोर्ते इझोलानीचा तो लाकडी पोर्तिको, म्हणजे घराखालून जाणारी खांबांची झाकलेली पायवाट, सुमारे नऊ मीटर उंच ओकचे खांब, तेराव्या शतकापासून उभे. लोक तिथे माना वर करून छतात अडकलेले तीन बाण शोधत असतात. तू म्हणालीस, बाण राहू देत, खांब बघ, हे तुझ्यासारख्यांमुळे उभे आहेत. विद्यापीठाची स्थापना १०८८ ची मानतात. पुढच्या दोन शतकांत युरोपभरातून मुलं कायदा शिकायला येऊ लागली आणि त्यांना ठेवायला जागा पुरेना. मग लोकांनी घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालून लाकडी टेकू दिले. ते पाडण्याऐवजी नगराने १२८८ मध्ये उलट नियमच केला: नव्या घराला पोर्तिको हवाच, घोडेस्वार खालून जाईल इतका उंच. जागा मालकाची, पण वाट सगळ्यांची. आज असे पोर्तिको एकूण ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ पासून ते युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. (आमच्याकडे असा पुढे काढलेला मजला पाडायला महापालिकेची गाडी येते.)

‘आठशे वर्षं झाली, इथे विद्यार्थ्यांना खोली मिळत नाहीये,’ तू म्हणालीस, ‘तू काही पहिली नाहीस.’ त्या दिवसानंतर नकार मनाला लागायचा थांबला. यासाठी तुझे आभार मानायचे तर कोणत्या शब्दांत मानू, ते अजून सुचलेलं नाही.

आर्किजिन्नाझियोत तर तू मला मुद्दामच नेलंस. १५६३ मध्ये बांधलेली विद्यापीठाची ती जुनी इमारत, आणि भिंती, छत, जिने सगळीकडे जुन्या विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हं, नावागावांसकट. कुठकुठून आलेली पोरं! शवविच्छेदनाचं लाकडी दालन १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं आणि ढिगाऱ्यातून निघालेले पुतळे नि तुकडे वापरून पुन्हा उभं केलं, हे ऐकून मी थक्क झाले. तू मात्र भिंतीकडे बोट दाखवून म्हणालीस, ‘यांना निदान भिंतीवर तरी जागा मिळाली.’

पोर्ता सारागोझ्झाजवळच्या एका खोलीला खिडकीच नव्हती. तिथून बाहेर पडल्यावर तू मला सान लुकाच्या टेकडीवर चालत नेलंस, जवळजवळ चार किलोमीटर, ६६६ कमानींखालून. आपल्याकडे पाऊस यावा म्हणून देव पाण्यात ठेवतात. इथे १४३३ मध्ये पाऊस थांबावा म्हणून मेरीची तसबीर टेकडीवरून शहरात आणली आणि ती येताच पाऊस थांबला, असं सांगतात. तेव्हापासून ती दर वर्षी खाली येते, आणि मिरवणूक भिजू नये म्हणून सतराव्या शतकात ही कमानींची वाट बांधायला घेतली. तू देव मानत नाहीस. तरी मे महिन्यात आजीचा हात धरून गर्दीत उभी होतीस, आणि आजी मला पुढे ढकलत होती, दिसत नसेल म्हणून.

गारिझेंदा मनोऱ्याभोवती कुंपण घातलं होतं, तो जास्तच कलल्याची भीती होती म्हणून. कुंपणाबाहेर हात पाठीमागे बांधून काम न्याहाळणारे आजोबा पाहून मला पुण्यातलं मेट्रोचं खोदकाम आठवलं. सूचना करण्याचा सूरही तोच. शेजारचा ९७ मीटरचा आझिनेल्लीही बंद होता. पदवी मिळण्याआधी जो त्यावर चढतो तो कधीच पास होत नाही, असं तुमच्याकडची पोरं मानतात. तेव्हा बरंच झालं.

आणि स्टेशन. तिथल्या प्रतीक्षालयात तू मला कोणत्याही नकाराशिवाय नेलंस, एका सकाळी, वेगळी वेळ काढून. २ ऑगस्ट १९८०, १० वाजून २५ मिनिटं. बॉम्बने ८५ माणसं गेली. बाहेरचं घड्याळ त्याच वेळेवर थांबवून ठेवलेलं, आत भिंतीला पडलेलं भगदाड तसंच राखलेलं आणि नावांची पाटी. तुझ्या आजीने त्या दिवशीच्या ३७ नंबरच्या बसबद्दल सांगितलं होतं, जिच्यातून मृतदेह नेले. मी तुला ११ जुलै २००६ च्या संध्याकाळबद्दल सांगितलं, आमच्या पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांबद्दल, बाबा घरी येईपर्यंत दारात उभ्या असलेल्या आईबद्दल. तू काही बोलली नाहीस, ते बरं केलंस.

शेवटी खोली मिळाली ती तुझ्या आईमुळे. घरमालकिणीला इटालियन पगाराची पावती असलेला जामीन हवा होता. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या तुझ्या आईने, मला जेमतेम ओळखत असताना, आपली पावती काढून दिली आणि सही केली. मी रडायला लागले, तर तिने मला कणीक मळायला बसवलं. टालियातेल्लेची, म्हणजे तुमच्याकडच्या त्या लांब चपट्या पास्त्याची, पट्टी शिजल्यावर ८ मिलिमीटर रुंद असली पाहिजे, म्हणजे आझिनेल्लीच्या उंचीचा १२,२७०वा भाग, आणि त्याचा सोन्याचा नमुना १९७२ पासून तुमच्या व्यापार मंडळात ठेवलेला आहे, हे तू मोठ्या ऐटीत सांगत होतीस. मग तू खरोखरच मोजपट्टी आणून आईच्या ताटात मोजायला गेलीस. तिने ती मोजपट्टी हिसकून खिडकीत ठेवली आणि ‘जेव मुकाट्याने’ असं म्हणाली असावी. सूर तरी ओळखीचा होता.

आईला सांग, करार संपला, खोली रंगवून दिली आणि अनामत पुरी परत मिळाली. तिच्या सहीला कुठेही बट्टा लागला नाही. ती सही नसती तर मी पहिल्याच सत्रात परतले असते, हे तिला माहीत आहे. तरी तुझ्या तोंडून पुन्हा सांग.

डिसेंबरात तुम्ही दोघी येताय. बाबांनी आतापासून खोली आवरायला काढली आहे आणि आई रोज विचारते, त्यांना तिखट चालतं का? खिडकी आहे, पंखा आहे, स्टेशन दहा मिनिटांवर आहे. जामीन लागणार नाही.

तुझी,
बोरिवलीकर