बागेतल्या दारूला आवरायचे अधिकार वॉर्डातच हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या महापालिकेच्या बागेत अंधार पडला की दारूच्या पार्ट्या सुरू होतात आणि मला वाटतं पुण्यात काय नि नाशकात काय, बहुतेक बागांची, मैदानांची, टेकड्यांची हीच कथा आहे. सकाळी गेलं तर घसरगुंडीखालच्या वाळूत बिअरच्या बाटलीच्या काचा, बाकाखाली चकण्याची पाकिटं आणि प्लास्टिकचे ग्लास. पोरं तिथे अनवाणी खेळतात हो! संध्याकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी बाग सोडून रस्त्याच्या कडेने फिरायला सुरुवात केली, रस्त्यावर गाड्यांचा धूर खाल्लेला परवडला म्हणे पण ती शेरेबाजी नको.

आता तक्रार कोणाकडे करायची हे बघा. गेटवरचा सिक्युरिटीवाला कंत्राटी, साठीचा माणूस, हातात एक शिट्टी. त्याला ना कुणाला बाहेर काढायचा अधिकार ना दंड करायचा, मागे बोलायला गेला तर पोरांनी ढकलून दिलं त्याला. पालिकेला सांगितलं तर म्हणतात दारूचा विषय पोलिसांचा, चौकीत गेलं की म्हणतात बाग पालिकेची आहे, गेट वेळेवर बंद करायला सांगा, लाईट लावायला सांगा. 112 ला फोन केला तर गाडी येते, नाही असं नाही, पण तोवर मंडळी पांगलेली असतात आणि गाडी गेली की परत येऊन बसतात.

कायदे नाहीत असं अजिबात नाही. पोलिसांकडे सार्वजनिक जागी गैरवर्तनासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 110/117 कलम आहे, दारूबंदी कायद्याचं 85 कलम आहे, जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 355 कलम आहे, दारू पिऊन सार्वजनिक जागी त्रास दिला तर 24 तासांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, शिवाय समाजसेवेची शिक्षासुद्धा देता येते. मला ती समाजसेवेची तरतूद फार मोलाची वाटते, ज्याने बाटल्या फोडल्या त्यानेच चार रविवार ती वाळू चाळावी, पण त्यासाठी केस करून कोर्टापर्यंत न्यायला हवी आणि तेवढं कोण करणार? गोव्याने बघा, 2019 मधे पर्यटन स्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून बीचवर उघड्यावर दारू प्यायला एकट्याला 2000 आणि ग्रुपला 10000 रुपये दंड लावला, म्हणजे जागा ठरवून तिथलं वागणं ठरवलं. आपल्याकडे पालिकेचा माणूस थुंकल्याची, कचरा टाकल्याची पावती फाडतो, मग बागेत बाटली उघडल्याची का नाही?

आणि स्थानिक लोकांच्या हातात अधिकार दिला की काय होतं ते महाराष्ट्राला नवीन नाही. उभी बाटली आडवी बाटली घ्या, वॉर्डातल्या किंवा गावातल्या 25 टक्के बायकांनी अर्ज केला की गुप्त मतदान आणि आडव्या बाटलीची मतं 50 टक्क्यांच्या वर गेली की दारूचं दुकान बंद, कितीतरी गावांत बायकांनी हे करून दाखवलंय. भिवंडीत 1988 नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, एकेका मोहल्ल्याला एकेक पोलीस आणि तिथलीच माणसं, म्हणून 1992-93 मधे मुंबई पेटली तेव्हा दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. दंगल आवरू शकते ती पद्धत एका बागेला लावायला काय हरकत आहे? शहरांसाठी क्षेत्रसभेचा, म्हणजे गावातल्या ग्रामसभेसारख्या वॉर्डातल्या मतदारांच्या सभेचा कायदा 2009 मधे झाला पण आमच्या भागात तरी क्षेत्रसभा भरलेली मी कधी पाहिली नाही, 2022 नंतर तर कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सगळं बघत होते.

एक मात्र ठामपणे सांगते. बागेत दंड करायचे हे अधिकार सोसायटीवाल्यांच्या हातातली काठी होता कामा नयेत. बागेत बसलेलं जोडपं, क्रिकेट खेळणारी वस्तीतली पोरं, दुपारी सावलीला आडवा झालेला मजूर, यांना हाकलायला कोणी वापरणार असेल तर असे अधिकार नसलेलेच बरे. दंड होईल तो दारूला, फोडलेल्या काचेला, बायकांना दिलेल्या त्रासाला, आणि कशाकशाला होईल ते गेटवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं, पावती दिलेली असावी, कुणाला चुकीचा दंड झाला तर वॉर्ड ऑफिसात दाद मागता यावी.

मागणी साधी आहे. प्रत्येक बागेसाठी चौकीतला एक आणि क्षेत्रीय कार्यालयातला एक असे दोन माणूस नेमावेत, त्यांची नावं आणि नंबर गेटवर लावावेत आणि महिन्यातून एकदा त्यांनी बागेतच लोकांसमोर बसून किती तक्रारी आल्या, काय केलं ते सांगावं. आपल्या बातमीदारांनी आयुक्तांना एवढंच विचारावं, की रात्री नऊनंतर बागेत काही झालं तर उत्तर द्यायला नेमका कोण बांधील आहे, आणि जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं छापावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे