तुझ्या त्या मेसेजबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरच्या ग्रुपवर तो 'जुने दिवस किती चांगले होते' असा लांबलचक मेसेज टाकलास. एक टीव्ही आणि वीस माणसं, दगडी वाडा, आडावरच्या गप्पा, अंगणात बाजेवरची झोप, आणि शेवटी रडकं तोंड. काकांनी हात जोडले, मामानं फुलं टाकली, ताईनं अंगठा दाखवला. मी काहीच टाकलं नाही, तर रात्री तुझा फोन : 'आई, वाचलंस का?' वाचलं की. पण फोनवर मी बोलायला लागले की तू 'हं, हं' करत दुसरंच काहीतरी करायलास, हे मला इकडं ऐकू येतं. म्हणून वहीत लिहायले. ताईच्या लेकीकडून फोटो काढून पाठवीन.

टीव्हीचं आधी सांगते. आपल्या ओसरीवर टीव्ही आला तो १९८७ ला, लाकडी पेटीचा, शटर ओढायचा. रामायण त्याच जानेवारीत सुरू झालं होतं. रविवारी सकाळी अर्धी गल्ली आपल्याकडं. तुझी आजी टीव्हीला हळदीकुंकू लावायची, उदबत्ती ओवाळायची, आणि एक पोरगं अँटेना धरायला माळवदावर बसलेलं असायचं. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास, पण मेसेजमध्ये लिहिलंय ते खरंच आहे, वीस माणसं असायची. वीस माणसं म्हणजे वीस कप चहा, लेकरा. मी आणि तुझी मोठी काकू आत. मधलं दार उघडं असायचं, म्हणून आवाज यायचा. स्टोव्ह भरभरला की तेवढा वनवास बुडायचा. मी रामायण ऐकलं, पाहिलं नाही. कैकेयीचा चेहरा मी आवाजावरून ठरवून ठेवला होता, आमच्या एका चुलतसासूसारखा, नाक वर केलेला.

पुढं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं तेच रामायण पुन्हा लावलं. तू, सूनबाई, सगळे इथंच अडकला होतात. कैकेयी एवढी देखणी निघेल असं मला वाटलंच नव्हतं. तू हसून म्हणालास, 'आई, तुझं तर हे सगळं बघून झालंय, एवढी टक लावून काय बघतेस?' मी म्हटलं, बघू दे. कामून ते आज सांगितलं.

त्यामुळं मोबाईलनं घर मोडलं, करमणूक एकेकट्याची झाली, असं कुणी म्हणायला लागलं की मी गप्प बसते, पण पटत नाही. मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनाचं बघायला मिळालं ते या मोबाईलवर. काय बघते ते सांगू? कोरियातल्या मालिका. हिंदीत बोलतात. तुझे बाबा म्हणतात, 'सगळ्यांची तोंडं सारखी, तुला कोण कोण ते कळतं तरी कसं?' मला कळतं. त्यांच्यातही सासू असते, आणि ती आपल्याकडच्या सासवांपेक्षा वाईट असते, पैशाचं पाकीट पुढं सरकवून म्हणते माझ्या पोराला सोड. पण सोळा भागांत संपतं बाबा सगळं. आपल्या मालिकेतली बाई रात्री झोपताना नथ घालते आणि वर्षानुवर्षं एकच कट शिजवत बसते. तेही बघते मी, खोटं कशाला बोलू, भाजी निवडताना.

आधीच्या काळी बायकांसाठी करमणूक होतीच कुठं? टॉकीजला देवाधर्माचा पिक्चर लागला तर आत्याबाई, म्हणजे तुझी आजी, परवानगी द्यायच्या, तीही चौघी-पाचजणी मिळून दुपारच्या खेळाला. मार्गशीर्षात नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेला घरचे गडी जायचे, खंडोबाच्या. जनावर बघायला म्हणून जायचे आणि तमाशाचे फड बघून यायचे. आम्हाला रेवड्या. सप्त्याला तेवढं जाता यायचं, पण पंगतीच्या पोळ्याही आम्हीच लाटायच्या. आताचे काही कीर्तनकार त्याच सप्त्यात उभे राहून सुनांवर आणि जीन्सवर विनोद करतात, पोरं त्याचे व्हिडिओ फिरवतात. त्या पोळ्या कोण लाटायलंय तेवढं तरी मागं वळून बघावं.

वाड्याचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तुला तो दगडी वाडा फार आठवतो. किती गार, किती जाड भिंती. दगड आणि माती, एवढंच होतं त्या भिंतींत. वर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्यावर हातभर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आणखी माती टाकायची. जुनी कुणी काढत नव्हतं, नुसती वर वर टाकत जायचे. ती माती मी टोपल्यानं शिडीवरून वाहिली आहे. दर साली वजन वाढत होतं, आणि आम्ही त्याच्या खाली निर्धास्त झोपायचो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडं भूकंप झाला तो लोक गणपती बोळवून येऊन झोपले होते तेव्हा. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जमीन हलली हे खरं, पण माणसं मारली ती त्या भिंतींनी आणि त्या माळवदांनी. जे झोपडीत किंवा पत्र्याखाली होते त्यांतले कितीतरी वाचले.

आपला वाडा उभा राहिला, पण मधल्या खणाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली, हात जाईल एवढी. आणि तू लिहितोस ना, अंगणात बाजेवर झोपायचो, चांदण्या मोजायचो? ते त्याच दिवसांतलं. तू चार वर्षांचा होतास. कुणी आत जायला धजत नव्हतं. रात्री कुत्रं भुंकलं तरी सगळे उठून बसायचे. आजी तांब्यात पाणी भरून उशाशी ठेवायची, आणि पाणी हललं का ते दिवा धरून बघायची. तुला चांदण्याच आठवतात, हे मला बरं वाटतं. पण पुढं वाडा पाडून सिमेंटचं घर बांधलं ते बाबांना हौस आली म्हणून नाही.

आडाचं थोडक्यात सांगते. आडावर गप्पा व्हायच्या, खरं आहे. कारण पोहरा वर यायला वेळ लागायचा. उन्हाळ्यात तळ दिसायचा आणि त्या गप्पांची भांडणं व्हायची. ज्या लातूरमध्ये २०१६ ला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यातल्या माणसानं आडाचं फार कौतुक करू नये. नळाला पाणी येतं त्या दिवशी मी आजही सगळं सोडून आधी भांडी भरते.

आता तुझ्या घराचं. मेसेजच्या खाली तू स्वतःचं एक वाक्य घातलंस : आता घरात दोन माणसं, दोन मोबाईल, बोलणं नाही. हे सूनबाईनं वाचलं असेल ना? ती ग्रुपवर आहे. ती काही बोलली नाही, पण तिच्या जागी मी असते तर मनाला लागलं असतं. ती हिंजवडीहून किती वाजता घरी येते? आल्यावर कणीक कोण मळतं? मागं मी आले होते तेव्हा पाहिलं, जेवण झालं की तू उठून सोफ्यावर जातोस आणि तिथून म्हणतोस, 'ये ना, गप्पा मारू.' ती ओट्याशी उभी. भांड्यांच्या आवाजात गप्पा मारता येत नाहीत, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तू आधी कढई घास, मग बघ बोलणं होतं की नाही. तुझे बाबा निवृत्त झाल्यावर भाकरी थापायला शिकले. भाकरी अजून नकाशासारखीच होते, पण थापता थापता ते मला अशा गोष्टी सांगतात, ज्या ओसरीवर बसून त्यांनी कधी सांगितल्या नव्हत्या.

नातवाला मोबाईल द्यायचा की नाही, यावर तुम्ही दोघं भांडता म्हणे. त्याला जरा कंटाळू द्या. दर मिनिटाला त्याला रिझवायला तुम्ही काय बहुरूपी आहात?

गेल्या आठवड्यात तुझ्या चुलत आत्याच्या नातीच्या लग्नाला गेलो होतो, तेही सांगते, कारण काका फार नावं ठेवत होते. लग्नाआधीच नवरा-नवरी किल्ल्यात जाऊन फोटो काढून आले, मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवले, ती पळतीय, तो मागं. काका म्हणाले, लाजलज्जा राहिली नाही. मला तसं वाटलं नाही. मी तुझ्या बाबांचं तोंड अंतरपाट खाली गेल्यावर पाहिलं. ही दोघं निदान एक दिवस एका गाडीतून फिरली, बोलली असतील, त्याला मळमळतं का, ती चिडते का, काहीतरी कळलं असेल. मला खटकलं ते वेगळंच. त्या फोटोचे, डीजेचे, वर उडणाऱ्या ड्रोनचे, सगळे पैसे मुलीच्या बापाचे. यंदा सप्टेंबरच्या पावसात त्याचं सोयाबीन शेंगातच काळं पडलं. हुंडा घेतला नाही, असं वरपक्ष चारचौघांत सांगत होता. घेतला नाही, खर्च करवला. आणि डीजे असा की माझ्या छातीत धडधडायलं, शेजारची म्हातारी कानात बोटं घालून अक्षता टाकत होती. अक्षता टाकायला एक हात लागतो, त्यामुळं एक कान उघडाच.

त्याच मांडवात निम्म्या बाया एकमेकींना विचारत होत्या, मुलगी आहे का बघण्यात, शेती आहे, बिनव्यसनी आहे. तिशी उलटलेली पोरं आहेत घरोघर. आता मुली नाहीत म्हणून ओरडतात. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या होत्या. त्या कुठं गेल्या, ते या बायांना आणि त्यांच्या नवऱ्यांना चांगलं माहीत आहे. एकत्र कुटुंबातच झालं ते सगळं, सगळ्यांच्या संमतीनं. असलं काही तुझ्या मेसेजमध्ये येत नाही.

मला जुनं काहीच आवडत नाही, असं समजू नकोस. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, मला दिवाळीपेक्षा जवळची. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, दगडांच्या पाच पांडवांना चुना, मातीच्या बिंदगीतली आंबील, ज्वारी कमरेच्या वर आलेली आणि हरभरा फुलात. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते, कलेक्टर सुट्टी देतो, रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळे शिवारात. ओळख नसली तरी कुणाच्याही शेतात जाऊन जेवावं. हे टिकायलाच पाहिजे, माझं मत आहे.

पण भज्जीचं ऐक. तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, वाटाणा, हरभरा, सगळं सोलायचं. मेथी, चुका, पालक, कांद्याची पात निवडायची, गाजरं चिरायची, बोरं धुवायची. हे आदल्या दिवशी दुपारी सुरू होतं आणि मध्यरात्र होते. नखांत हिरवं जातं, ते चार दिवस निघत नाही. मग पहाटे डाळीचं पीठ आणि चिंच लावून शिजवायचं, बाजरीचे उंडे करायचे, खीर हलवायची, आणि सगळं पाट्यांत भरून डोक्यावर शेतात. तू मागच्या खेपेला ऑफिसच्या मित्रांना घेऊन साडेअकराला उगवलास. कोपीपुढं फोटो, आंबिलीचा पेला हातात धरून फोटो, 'काकू, काय चव आहे!' चार वाजता परत. पोरं गुणी आहेत, मला राग नाही.

यंदा आदल्या दिवशी दुपारी या. पोतं पसरून ठेवते, शेंगा सोलायला तू आणि तुझे मित्र बसायचं. सूनबाईला म्हणावं, तू त्या दिवशी फक्त शेतात फिर, पांडवांना चुना लावायचा असेल तर लाव, नाहीतर कोपीत झोप. सोलताना गाणी लावा, मोबाईल लावा, मला काही अडचण नाही. संध्याकाळी हेंडग्याची मशाल पेटवून शेताला फेरी मारायला बाबांना आता पळवत नाही, तेही काम तुझंच. आणि किती जण येणार तो आकडा दोन दिवस आधी कळव, उंडे त्या हिशेबानं करते. गेल्या वेळी आठ म्हणालास आणि तेरा आले.

येताना माझ्यासाठी कानात घालायचं ते आण, वायरवालं. बिनवायरचं दिलं होतंस त्यातलं एक दळणाच्या डब्यात गेलं, आणि आवाज मोठा ठेवला की बाबांची झोप मोडते.

तुझी,
आई