इंग्रजीत कोल्हापूर सांग

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझा मेसेज वाचला. आयल्ट्सच्या इंग्रजी परीक्षेची तारीख ठरली, लई बरं वाटलं. 'प्रवास आणि संस्कृतीवरचे भारी इंग्रजी शब्द काढून पाठव' असं लिहिलंयस, पण ते मेसेजमध्ये मावणारं काम नाही, म्हणून पत्रच लिहायला बसलो. यादी मात्र पाठवत नाही. इतकी वर्षं पोरांना इंग्रजी शिकवताना बघत आलोय, घोकलेले शब्द परीक्षकासमोर बसलं की ऐनवेळी पळून जातात. ज्याच्याबद्दल मनापासून काही सांगायचं असतं, त्याच्यासोबत शिकलेला शब्द टिकतो. आणि तुझ्याकडं सांगायला अख्खं कोल्हापूर आहे.

आधी परीक्षा समजून घे. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी. दुसऱ्यात हातात एक कार्ड देतात, १ मिनिट तयारीला, मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं. तिसऱ्यात त्याच विषयावर खोलात शिरून चर्चा. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारही गोष्टींना सारखंच वजन. शब्दसंपत्ती म्हणजे अवघड शब्दांची उतरंड असं पोरांना वाटतं. परीक्षक बघतो ते असं : शब्द नेमका आहे का, त्याच्या सोबतीला येणारे शब्द बरोबर आहेत का, आणि शब्द अडला तर वळसा घालून तेच सांगता येतंय का. या वळशाला ते पॅराफ्रेज म्हणतात. आपल्या माणसाला याचाच सगळ्यात जास्त उपयोग.

कारण आपल्या कितीतरी गोष्टींना इंग्रजीत शब्दच नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेतली सासनकाठी कशी सांगशील? नुसतं 'सासनकाठी' म्हणून पुढं गेलास तर समोरच्याला काही कळणार नाही. 'डेकोरेटेड बांबू पोल' म्हण, ती इतकी उंच असते की तोल सांभाळायला कितीतरी माणसं लागतात हे सांग, गुलालानं अख्खा डोंगर गुलाबी होतो हे सांग. आता शब्द बघ कसे आपोआप गोळा होतात : यात्रेला 'अ‍ॅन्युअल फेअर', त्यासाठी केलेल्या प्रवासाला 'पिल्ग्रिमेज', भाविकाला 'डिव्होटी', मिरवणुकीला 'प्रोसेशन', आणि 'चांगभलं'चा गजर म्हणजे 'चँट'. हे पाचही शब्द एकाच प्रसंगातले आहेत, म्हणून एक आठवला की बाकीचे मागोमाग येतील.

जेवणाचंही तसंच. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला 'करी' म्हणू नकोस. करी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर दाट काहीतरी येतं. आपला रस्सा पातळ, त्याला 'ब्रॉथ' जवळचा. पांढऱ्यात नारळाचं दूध आणि खसखस असते, म्हणून 'माइल्ड बट रिच', तांबडा 'फायरी'. आणि ब्रिटिश माणसाला 'मटन' म्हटलं की मेंढीचं मांस वाटतं, तेव्हा 'गोट मीट' असं स्पष्ट सांग. 'टेस्टी' आणि 'व्हेरी नाइस' हे दोन शब्द परीक्षेपुरते विसरून जा. त्यांनी चव सांगितलीच जात नाही.

प्रवासाच्या शब्दांत आपली माणसं ठरावीक ठिकाणी अडखळतात. 'ट्रॅव्हल' ही एकूण गोष्ट आहे, ती मोजत नाहीत, म्हणून 'अ ट्रॅव्हल' म्हणायचं नाही. जाऊन परत आलं की 'ट्रिप'. पन्हाळ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत, ही 'डे ट्रिप'. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबईपर्यंत जाणं ही 'जर्नी'. इचलकरंजीहून रोज कोल्हापूरला कामाला येणाऱ्याचा 'कम्यूट'. 'लगेज', 'अ‍ॅकोमोडेशन', 'साइटसीइंग' यांना शेवटी स लावू नकोस. 'आउट ऑफ स्टेशन' आणि 'नेटिव्ह प्लेस' आपल्याकडं सगळ्यांना कळतं, बाहेर कळेलच असं नाही, 'होमटाउन' म्हण. एवढं सांभाळलंस तरी पुरे. विमानतळावरचे शब्द तुला प्रवासात आपसूक येतील.

आता दुसऱ्या भागाचं कार्ड. एखादी जागा किंवा सोहळा सांगा असं आलं, तर तू डोळे झाकून अंबाबाईचा किरणोत्सव घे. देवीचं तोंड पश्चिमेला. नोव्हेंबरमध्ये ९, १०, ११ तारखेला आणि पुढं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी सर्वांगावर. जगात कुणालाही ऐकावीशी वाटेल अशी ही गोष्ट आहे, आणि ती सांगायला शब्द सोपेच लागतात : मावळतीची किरणं म्हणजे 'द लास्ट रेज ऑफ द सेटिंग सन', गाभारा म्हणजे 'सँक्टम', किरणं आणि मूर्ती एका रेषेत येणं म्हणजे 'अलाइन'. देवीला 'गॉड' म्हणू नकोस, 'गॉडेस' म्हण. मग पुढचं सांग : एखाद्या वर्षी ढग आडवे येतात, वाटेतल्या बांधकामांनीही किरणं अडतात. इथं 'ऑब्स्ट्रक्ट' आणि 'एन्क्रोचमेंट' हे शब्द बसतात. नुसतं कौतुक करत दोन मिनिटं ओढणं अवघड जातं. अडचण सांगितली की बोलणं पुढं सरकतं आणि तुझं स्वतःचं मतही त्यात येतं.

तिसऱ्या भागात ते विचारतील, पर्यटनानं संस्कृती टिकते की बिघडते? इथं बहुतेक पोरं गुळगुळीत बोलतात. तू चपलेचं उदाहरण दे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इकडून आवाज उठल्यावर प्रेरणा भारतीय चपलेची आहे हे त्यांनी मान्य केलं. या एका गोष्टीत 'आर्टिझन', 'क्राफ्ट', 'लाइव्हलीहुड', 'गिव्ह क्रेडिट', 'कल्चरल अप्रोप्रिएशन' (दुसऱ्याच्या संस्कृतीतली गोष्ट श्रेय न देता उचलणं) सगळं येतं. तुझं म्हणणंही ठामपणे मांड. चामडं कमावून हातानं शिवणाऱ्याच्या घरात पैसा पोचत नसेल, तर जगात नाव होऊन काय उपयोग? हे मला अगदी आतून वाटतं, तुलाही वाटतं हे माहीत आहे. वाटतं तेच बोल.

दुसरं उदाहरण पन्हाळा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला पन्हाळा आहे. १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्याला 'सीज' म्हणतात, हे आधी सांग. मग मुद्द्यावर ये : पन्हाळ्यावर आजही लोक राहतात, तिथं नगरपरिषद आहे. जपणूक आणि रोजचं जगणं दोन्ही कसं चालवायचं? 'प्रिझर्व्ह', 'रेसिडेंट्स', 'रेस्ट्रिक्शन', 'स्ट्राइक अ बॅलन्स'. शेवटचे तीन शब्द एकत्रच पाठ कर, सुटे नकोत.

कला, कुस्ती असं काही आलं तर शाहू महाराज आहेतच. कुस्तीचं खासबाग मैदान त्यांनी बांधून घेतलं, अल्लादियाखाँसाहेब इथल्या दरबारात गायक होते. राजाश्रय म्हणजे 'रॉयल पेट्रनेज'. उस्तादाकडून शिष्याकडं येणं म्हणजे 'पास डाउन'.

आता काम. रोज रात्री यातला एक विषय घे, १ मिनिट विचार कर, २ मिनिटं बोल, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि मला पाठव. कागदावर लिहून वाचू नकोस, परीक्षकाला लगेच कळतं. अडलास तर थांब, वळसा घाल, पुढं जा. पहिलं रेकॉर्डिंग किरणोत्सवाचं पाठव, मी ऐकून त्याच दिवशी फोन करतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पेठेतला दोस्त