जीभ अडखळली की थांब

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तुझा भला मोठा मेसेज वाचला. फोनवर सांगत बसलो असतो तर अर्धं राहून गेलं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय. तू दोन गोष्टी विचारल्यास. ब्लिट्झचं, म्हणजे तीन-पाच मिनिटांच्या झटपट बुद्धिबळाचं, रेटिंग चौदाशेच्या आसपास अडकलंय ते वर कसं न्यायचं, आणि माझ्यासारखं ऑनलाइन प्रेक्षकांसमोर बोलत लाइव्ह खेळायला लागलास तर खेळ सुधारेल की बिघडेल. माझ्या मते हे दोन प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. कसे ते पुढं येईलच.

आधी वेळेचं बोलू. तू ३+० खेळतोस, म्हणजे डावाला तीन मिनिटं आणि चालीमागं वाढीव सेकंद शून्य. मर्दा, ते सध्या बंद कर. १८० सेकंदांत चाळीस चालींचा डाव धरला तर एका चालीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात. मधल्या डावात कुठंतरी पाऊण मिनिट गेलं की शेवटी विचार संपतो आणि माउसची पळापळ सुरू होते. तू लिहिलंयस की दोन प्यादी वर असताना घड्याळावर हरलास. त्या हरण्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही, नुसता जीव जळतो. ३+२ घे, नाहीतर ५+३. प्रत्येक चालीला दोन-तीन सेकंद वाढून मिळाले की जिंकलेला शेवट खरोखर खेळून दाखवावा लागतो, आणि समोरच्यालाही तो खेळून अडवावा लागतो. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही ३+२ वरच होते. ही वाढीव सेकंदांची कल्पना बॉबी फिशरची. तसल्या घड्याळाचं पेटंट त्यानं १९८९ मध्ये मिळवलं. इतक्या मोठ्या खेळाडूला घड्याळातच दुरुस्ती करावीशी वाटली, यावरून वेळ संपून हरण्याचं दुःख किती जुनं आहे ते बघ.

साइट कुठली, यावर मी वाद घालत नाही. मी लिचेस आणि चेस डॉट कॉम दोन्हींवर खेळतो. एक फरक मात्र लक्षात ठेव. समोरच्याची चाल येण्याआधीच आपली चाल लावून ठेवायची, म्हणजे प्रीमूव्ह, ती लिचेसवर फुकट होते. चेस डॉट कॉमवर तिला सेकंदाचा दहावा भाग लागतो. शेवटच्या पाच सेकंदांत हा फरक जाणवतो. आणि एक नियम दोन्हीकडं उपयोगी पडतो: समोरच्याकडं नुसता राजा उरला असेल तर आपली वेळ संपली तरी डाव बरोबरीत सुटतो. म्हणून घड्याळ संपत आलं आणि मात दिसत नसली की त्याचं शेवटचं प्यादं आधी मारून टाक. एक मिनिटाच्या बुलेटबद्दल मी काही लिहीत नाही. तू त्याच्या नादाला लागू नकोस एवढंच.

आता लाइव्हचं. खासबागेत कुस्त्या बघायला जायचो ते आठव. लाल मातीत पैलवान भिडलेले असायचे आणि माइकवर निवेदक कुणी कुठला डाव टाकला, कुणाची पकड सुटली ते सांगायचा. पैलवान वेगळा, निवेदक वेगळा. लाइव्ह ब्लिट्झमध्ये ही दोन्ही माणसं तूच असतोस. पकड तूच धरायची आणि पकड कशी धरली तेही तूच सांगायचं, तेही घड्याळ पळत असताना. सुरुवातीला रेटिंग घसरतं, याची तयारी ठेव. कारण सरळ आहे. एक धड वाक्य बोलायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे एका चालीचा वाटा त्यातच संपतो.

तरीही मी तुला कर म्हणून सांगतोय, आणि मनापासून सांगतोय. बोलत खेळायला लागल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की डावातल्या सगळ्या चाली सारख्या वजनाच्या नसतात. सुरुवातीच्या आठ-दहा चाली पाठ असतात, त्यावर भरपूर बोलता येतं. मारामारीत परत मारायचंच असतं, तिथंही तोंड चालू राहतं. पण मधली प्यादी फुटायची वेळ येते, वजिरावजिरी करायची की नाही ते ठरवायचं असतं, राजापुढचं प्यादं ढकलायचा मोह होतो. अशा जागी बोलता बोलता जीभ अडखळते. वाक्य अर्धं राहतं. ‘‘आता इथं उंट... नाही, घोडा...’’ असं व्हायला लागलं की ती खूण समज. डोक्याला ठाऊक नसलेली गोष्ट जिभेनं आधी सांगितलेली असते. तिथं मी बोलणं थांबवतो आणि वीस-पंचवीस सेकंद सरळ खर्च करतो. ३+२ च्या डावात ही मोठी रक्कम आहे, पण ती खर्चायची जागा हीच.

पूर्वी माझा वेळ भलतीकडंच जायचा. ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीला, कॅसलिंग (किल्लेकोट) आता करू की पुढच्या चालीला, यावर दहा सेकंद, आणि जिथं डाव फिरतो तिथं दोन सेकंदांत चाल. आता उलट झालंय. माझ्या मते चौदाशे ते सोळाशेच्या पट्ट्यातला बराचसा फरक इथंच आहे, नव्या ओपनिंगमध्ये नाही. तू एकटा खेळतानाही पुटपुटत खेळून बघ. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कोण ऐकणार आहे?

काय बोलायचं, हेही शिकावं लागतं. मी हे डॅनियल नारोदित्स्कीचे व्हिडिओ बघून शिकलो. हा अमेरिकन ग्रँडमास्टर कमी रेटिंगच्या खात्यापासून सुरुवात करून वर चढत जायचा, आणि खेळता खेळता प्रत्येक चालीमागचं कारण समजावून द्यायचा. समोरचा नवशिका असला तरी त्याची टिंगल नाही, त्याला काय साधायचंय ते आधी सांगायचं आणि मग आपलं उत्तर. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. त्या रात्री मी लाइव्ह गेलो, पण डाव खेळवेना; त्याचाच एक जुना डाव लावून आम्ही सगळ्यांनी मिळून तो चाल चाल करत बघितला. त्याच्याकडून घेतलेली सवय एकच: प्रत्येक चालीनंतर पहिलं वाक्य समोरच्याचं. ‘‘त्याला एफ-सातच्या घरात घुसायचंय.’’ ‘‘हत्ती उघड्या रांगेत आणतोय.’’ बस्स, एवढंच. आपला बेत नंतर. तुझे डाव मी बघितले दत्ता, तुझे बहुतेक मोहरे फुकट जातात ते तू स्वतःच्याच हल्ल्यात रमलेला असतोस म्हणून. शह, मार, धमकी, हे तीन शब्द समोरच्याच्या बाजूनं मनात म्हण आणि मगच हात हलव.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांमुळं झाली. माझ्याकडं येणारा एकजण पहाटे दुधाचा टेम्पो चालवतो. तो रेकॉर्डिंग गाडीत नुसतं ऐकतो, स्क्रीन बघत नाही. त्यानं लिहिलं, ‘‘दादा, ‘हा इथं, तो तिथं’ म्हणता, आम्हाला काय कळणार?’’ तेव्हापासून मी घरं नावानं सांगतो. घोडा एफ-पाच, वजीर एच-चार. यानं माझाच पट पक्का झाला. आता हत्ती ए-एकवर आहे आणि उंट त्या तिरक्या रेषेवर येतोय, हे न बघता जाणवतं. कुठल्या पुस्तकानं मला एवढं दिलं नव्हतं.

चॅटबद्दल मात्र कडक राहा. डाव चालू असताना कुणी ‘‘भावा, घोडा घे की’’ असं लिहिलं आणि तू ते वाचून खेळलास, तर ती बाहेरची मदत झाली. दोन्ही साइटच्या नियमांत ती फसवणूक धरली जाते, खातं बंद होऊ शकतं. कोल्हापूरची माणसं, त्यांना गप्प बसवत नाही, तालमीच्या कट्ट्यावर बसल्यासारखी ओरडतात. त्यावर मी असं केलंय: ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेपण अर्धा मिनिट उशिरानं ठेवतो. त्यांची सूचना येईपर्यंत डाव पुढं गेलेला असतो. आणि समोरचा खेळाडू माझंच प्रक्षेपण उघडून माझा बेत ऐकत बसला असेल, तर त्यालाही शिळीच बातमी मिळते. शिवाय डाव चालू असताना चॅटची खिडकी मी झाकून ठेवतो. दोन डावांच्या मधे उघडतो आणि तेव्हा सगळ्यांची उत्तरं देतो. एक भरवशाचा माणूस मॉडरेटर म्हणून बसव. माझ्याकडं भाचा बसतो. वाह्यात बोलणाऱ्याला तो लगेच बाहेर काढतो.

कॅमेऱ्यावर पैसे घालू नकोस, माइकवर घाल. बुद्धिबळाचा पट फारसा हलत नाही, ७२०पी चित्र पुरतं. राउटरला वायर जोड, वायफायवर विसंबू नकोस, आणि राउटर इन्व्हर्टरवर घे. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा हीच एक गोष्ट डाव वाचवते.

सगळ्यात जास्त मला डाव संपल्यानंतरचं सांगायचंय. ब्लिट्झनं खेळ बिघडतो असं जुनी मंडळी म्हणतात. सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळात स्पर्धेला जायचो तेव्हा आपणही हे ऐकलंय. त्यात तथ्य आहे. नुसते डावामागून डाव खेळलास तर ज्या चुका आहेत त्याच हातात मुरतात. पण दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तो कोनेरू हंपीविरुद्धचे संथ डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डावांच्या टायब्रेकमध्ये. आपल्या नागपूरची मुलगी तिथंच ग्रँडमास्टर झाली. आणि आनंदनं २०१७ मध्ये रियाधला जागतिक रॅपिड जिंकली तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. वेगानं खेळता येणं ही वेगळी विद्या आहे आणि ती वाढवता येते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुझं-माझं वय काढू नकोस.

तर, हरलेला डाव संपला की ‘पुन्हा’चं बटण दाबायचं नाही. आधी इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, बंद ठेवून डाव मागं घ्यायचा आणि माझी जीभ कुठं अडखळली होती ती चाल शोधायची. तिथं मला काय वाटलं होतं ते प्रेक्षकांसमोर सांगायचं. मग स्टॉकफिश हे इंजिन लावायचं. इंजिन आधी लावलं की आपण फक्त लाल रेषा बघतो, आपला विचार कुठं चुकला ते कळत नाही. यात पाच-सात मिनिटं जातात. मला भीती होती की लोक कंटाळून निघून जातील. झालं उलटंच. जिंकलेल्या डावांपेक्षा या भागावर जास्त प्रश्न येतात. गारगोटीकडचे एक शिक्षक तर फक्त याच वेळेला येतात आणि शाळेतल्या मुलांसाठी त्यातली एखादी स्थिती वहीत उतरवून घेतात. लागोपाठ दोन डाव हरलो की तिसरा खेळायचाच नाही, विश्लेषणाला बसायचं, हा माझा नियम प्रेक्षकांना माहीत आहे. मी मोडायला लागलो तर तेच आठवण करून देतात. एकटा असताना हा नियम कधी टिकला नव्हता.

ओपनिंगचं थोडक्यात. पांढऱ्यानं लंडन सिस्टिम, काळ्यानं ई-चार या पहिल्या चालीला कॅरो-कान बचाव, एवढ्यावर वर्षभर राहा. वाचलेला वेळ शेवटाच्या डावांना दे. विशेषतः हत्ती आणि एक प्यादं. आपल्याकडं नुसता हत्ती आणि समोर हत्ती-प्यादं असेल तर फिलिडोरची पद्धत हातात बसव. राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या ओळीत, म्हणजे त्याचा राजा पुढं सरकत नाही. त्यानं प्यादं त्या ओळीत आणलं की हत्ती पार दुसऱ्या टोकाला ने आणि मागून शह देत राहा, त्याच्या राजाला लपायला आडोसा राहत नाही. दोन सेकंद वाढून मिळताहेत म्हटल्यावर हे झोपेतसुद्धा जमतं, आणि चौदाशेच्या पट्ट्यात यावर बरेच अर्धे गुण वाचतात. लिचेसवर कोडी फुकट आहेत आणि ती खऱ्या डावांतून काढलेली असतात. रोज थोडी सोडव, पण घड्याळ न लावता. वेग आपोआप येतो; नमुने डोळ्यांत बसले पाहिजेत.

माझं कसं चाललंय म्हणून विचारलंस. उद्यमनगरातून घरी आलो की जेवण, मग साडेनऊला सुरुवात. प्रेक्षक थोडेच असतात, पण तेच तेच येतात, आणि सगळे मराठीत बोलतात. ‘‘किल्लेकोट केला नाहीस अजून’’ असं कुणी लिहिलं की लई बरं वाटतं. आपली भाषा या वेगालाही पुरते, हे रोज दिसतं. दत्ता, हे मला मनापासून आवडतं, म्हणून तुलाही यात ओढतोय.

तेव्हा रविवारी रात्री साडेनऊला ये. ५+३ चे चार डाव खेळू, पहिल्या डावात पांढरी तुझी. तुझा आवाजही माझ्या चॅनेलवर घेतो. माइक नसेल तर फोनचे वायरवाले इअरफोन चालतील. तू तुझ्या चाली बोल, मी माझ्या, म्हणजे एकमेकांचे बेत ऐकूच येणार, पण पहिल्या दिवशी हार-जीत मोजायचीच नाही. रेटेड नको, साधे डाव ठेवू. त्याआधी तुझे हरलेले दोन डाव मला पाठवून ठेव, आणि कुठल्या चालीला अडखळलास ते स्वतः लिहून पाठव, इंजिन न लावता.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग. आईनं तुझ्यासाठी कांदा-लसूण चटणी बाजूला काढून ठेवलीय. पुण्याला येणाऱ्या कुणाच्या हातून पाठवू ते कळव.

तुझाच,
प्रकाश