वाफेचा पत्ता सांगणाऱ्या फायरमनकाकांना

आदरणीय काका,
सा. न.

हे सगळं फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला असतात. म्हणून चारचौघांत लिहितेय. आगगाडीच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारे तुम्ही, कधी ब्रश हातात धरला नाहीत, पण माझ्या जलरंगांतली वाफेची इंजिनं आता धावती वाटतात ती तुमच्यामुळे.

इंग्रज चित्रकार टर्नरने १८४४ साली पावसातून येणारी आगगाडी रंगवली, फ्रेंच चित्रकार मोनेने १८७७ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनातल्या वाफेची चित्रमालिकाच केली. दोघांनीही तैलरंगात. तैलरंगात पांढरा अगदी शेवटीसुद्धा चढवता येतो. आमच्या जलरंगात वाफ म्हणजे कोरा सोडलेला कागद! पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, टाकण्याआधीच ती कुठून निघणार, कुठवर जाणार, कुठे विरणार हे पक्कं ठरलेलं लागतं. त्यासाठी चित्रकलेच्या पुस्तकांपेक्षा भट्टीपुढे उभं राहिलेला माणूस जास्त कामाचा, असं माझं स्पष्ट मत झालंय.

बॉयलरमधली जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचंच घ्या. तुम्ही म्हणालात, "तोंडाशी काही दिसत नसतं, पांढरं वर दिसतं." खरी वाफ पारदर्शक, हवेत थंड होऊन तिचे बारीक थेंब झाले की मग ढग. आता मी व्हॉल्व्ह आणि ढग यांच्यात बोटभर फट ठेवते आणि तिथून मागची झाडी तशीच दिसू देते. ढगाची खालची कड थोडी धारदार, वरची ओल्या कागदावर सोडून दिलेली. एवढ्याशा फटीने वाफेला जोर येतो. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण दाब जाणवतो.

गाडी सुटताना पुढच्या चाकांपाशी जमिनीलगत जी वाफ फुसफुसते, तीही तुम्हीच समजावलीत: सिलिंडरात साचलेलं पाणी बाहेर काढायला कॉक (तोट्या) उघडे ठेवतात. त्यामुळे उभ्या, सुटत्या आणि उतारावर रेग्युलेटर (सिलिंडरात वाफ सोडणारी झडप) बंद करून घरंगळणाऱ्या गाडीची वाफ वेगवेगळी काढावी लागते. थंडीत ती लांबवर रेंगाळते, कोरड्या उन्हात पटकन नाहीशी होते. म्हणजे वाफ काढली की हवामानही आपोआप चित्रात येतं.

धुराबद्दल मात्र आपलं जमणार नाही. काळाकुट्ट धूर म्हणजे कोळसा जास्त, हवा कमी, आणि फायरमनची अब्रू गेली, असं तुम्ही म्हणता. मान्य. पण निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना ओल्या कागदावर एकमेकांत उतरतात तेव्हा जो धूर तयार होतो, त्याचा मोह सुटत नाही हो! तुमच्या मानासाठी राखाडीवर आणलाय.

काळं इंजिन रंगवायलाही हेच दोन रंग वापरते. ट्यूबमधला तयार काळा मेल्यासारखा दिसतो. "बॉयलरच्या पाठीवर आभाळ दिसतं," हे तुमचं वाक्य. म्हणून वरच्या बाजूला निळसर, पोटाखाली जमिनीची तांबूस झाक. आणि चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा, म्हणजे कपलिंग रॉड, चाकाच्या कुठल्याही स्थितीत रुळाला समांतरच राहतो, हे कळल्यापासून चाकांचं रेखाटन निम्म्या वेळात होतं.

मनापासून आभार, काका. एवढ्यावर सुटका नाही, पुढचं चित्र रात्रीच्या गाडीचं आहे. भट्टीचं दार उघडल्यावर उजेड आधी कुठे पडतो? फायरमनच्या तोंडावर, की कॅबच्या छतावर? आणि वर गेलेली वाफही खालून तांबडी दिसते का? कागद ताणून ठेवलाय. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यावर पाणी फिरवणार नाही.

तुमची,
वाफेसाठी कागद कोरा सोडणारी