गड्ड्यावरच्या मावशी आणि ओपीडीतल्या सिस्टर, तुमचे आभार

माझ्या मुलाला टाइप १ डायबेटिस आहे. वय १५. यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला तो पहिल्यांदाच आमच्याशिवाय, मित्रांबरोबर गेला. पाळण्याच्या रांगेत त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. बोट टोचून त्यानंच शुगर बघितली: ५८, म्हणजे फारच कमी. ग्लुकोजची पुडी मित्राच्या बॅगेत, आणि मित्र वर पाळण्यात! चहाच्या गाड्यावरच्या मावशींकडे त्यानं साखर मागितली. मावशी, तुम्ही तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिलीत, स्टुलावर बसवलंत, १५ मिनिटांनी त्यानं पुन्हा तपासेपर्यंत उठू दिलं नाहीत. पैसेही घेतले नाहीत. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आणि सिस्टर, ओपीडीत मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, "आई, त्याला बोलू द्या." तेव्हा मला राग यायचा, खरं सांगते. इंजेक्शनची जागा बदलायची, भाकरीचे कार्ब्स मोजायचे, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात लाइट गेली तर इन्शुलिन मडक्यात गार कसं ठेवायचं, सगळं त्यालाच शिकवलंत. शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, हे त्यानं तुमच्यापुढे घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

त्या रात्री घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाला, "आई, शुगर लो झाली होती. बघितलं मी."